पेढा, चाकू आणि आजोबा

३ जून
मोबाईल बघायचा नाही असं ठरवलं होतं. बघितला! गरोदरपणी आईला टेन्शन आलं की रक्तात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं आणि त्याचा म्हणे बाळाच्या बोलण्यावर परिणाम होतो. चांगला की वाईट ते वाचायच्या आत बॅटरी संपली.

वाईटच असणार. आठव्या महिन्यात मी ऑफिसची कन्नडची परीक्षा दिली होती. माझं माहेर गडहिंग्लज, कन्नडचा गंध नाही; सासर आणि नोकरी सीमेपलीकडं, तिथं कन्नड सक्तीचं. क्रियापदं घोकता घोकता रडायचे आणि आतून श्रेयस लाथा मारायचा. आता पोरगं दोन वर्षांचं झालं, पण म्हणतं एक आणि हवं असतं भलतंच. माझंच पाप!

४ जून
'पेढा' म्हणाला. दिला. फेकला! परत 'पेढा, पेढा' — दुसरा दिला. माझ्या अंगावर थुंकला. तिसरा मीच खाल्ला.

६ जून
जेवताना तोंड फिरवून म्हणाला, 'चाकू!' दोनदा! घरातले सगळे चाकू कपाटावर, विळी माळ्यावर. नागेंद्र म्हणाला, "कांदा काय दातानं कापू?"

नवऱ्यांना कॉर्टिसॉल नसतं वाटतं.

७ जून
'हालू' म्हणतो म्हणून झोपाळ्यावर बसवून हलवते. जितकं हलवावं तितका जास्त रडतो.

अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, काही काळजी नाही. मी ऑफिसात, पोरगं दिवसभर त्यांच्याकडं. "लई हुशार हाय गं. मला 'आजोबा' म्हणतोय की!" म्हणतो खरं, लांबून हात हलवून — 'आज्जाबा!' तेवढा एकच शब्द धड.

अण्णा म्हणजे तरुणपणी मराठी पाट्यांसाठी लाठ्या खाल्लेला माणूस. कन्नड पेपरात बांधलेली भजी आली तरी तोंड वाकडं करतात. खातात, पण वाकडं करतात.

१० जून
बोलण्याच्या डॉक्टर माधवी मॅडमकडं गेलो. मी सगळं ओकले — परीक्षा, रडणं, हार्मोन, चाकू. मॅडमनी श्रेयसला बिस्किट दिलं. खाल्लं. दुसरं दिलं. खाल्लं. तिसऱ्याला म्हणाला, 'चाकू!' मी डोळेच मिटले.

मॅडम हसत सुटल्या. "चाकू न्हवं हो, साकू! कन्नडात पुरे म्हणतोय."

'पेढा' म्हणजे बेडा — नको. 'हालू' म्हणजे दूध. दूध मागत होतं लेकरू आणि मी झोके देत होते! 'आज्जाबा' म्हणजे 'अज्जा, बा' — आजोबा, ये.

हार्मोनचं विचारलं. म्हणाल्या, संशोधन दोन्ही बाजूंनी बोलतं, काही ठिकाणी अशी मुलं उलट जास्त बोलकी निघालीत. "तुम्ही आधी त्याला दूध द्या."

आणि मी पास आहे हो त्या परीक्षेत! पण तिथं थकबाकी, हद्दवाढ, नुकसानभरपाई. दूध कुणी विचारलंच नव्हतं.

रिक्षात पोटभर रडले. माझ्यामुळं काही बिघडलेलं नाही. काहीच नाही!

११ जून
पण शिकला कुठं? नागेंद्र म्हणतो, "अभिमन्यू गं! तू घोकत हुतीस, त्यो आत ऐकत हुता."

खरा प्रश्न — अण्णांना कोण सांगणार? नातू कन्नड बोलतो हे ऐकून जेवण सोडतील. नाणं उडवलं. मी हरले.

१२ जून
सांगायचं म्हणून दुपारीच घरी आले. अण्णा श्रेयसला मांडीवर घेऊन दूध पाजत होते आणि त्याच्याशी बोलत होते. कन्नडमध्ये. कुठं अडखळणं नाही.

मला बघून त्याचं तोंड पुसलं. मग म्हणाले, "माझी आई कानडी हुती गं. पोराला जवळ घेतलं की तिचंच तोंडात येतंय. त्यो मला आजोबा म्हणत न्हाय, ठाव हाय मला. आई मला अशीच हाक मारायची — मारुती, बा."