वेगळ्या तुरुंगाची मागणी माझीच

धाकट्या,

गंभीर गुन्हेगारांना वेगळ्या तुरुंगात ठेवा, हे मी वीस वर्षं सभांमधून घसा फोडून सांगितलं. खुन्याच्या शेजारी राहून पाकीटमार काय शिकणार, असं विचारलं की टाळ्या पडायच्या. आता तो तुरुंग बांधून झालाय आणि तुला तिकडे हलवणार आहेत.

काल भेटीच्या जाळीआडून तू हसलास. "ताई, तुझं भाषण शेवटी मलाच लागू पडलं की." मग हळूच म्हणालास, "माझ्या शेजारचा पाकीटमार माझ्याकडून शिकून वाचायला लागलाय. फक्त जोडाक्षरं राहिलीत. तेवढी होईपर्यंत थांबव ना."

हरकतीचा अर्ज उद्यापर्यंत द्यायचाय. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'माझा भाऊ तसा नाही.' मग खोडलं. तू माणूस मारलायस. माझं म्हणणं चूक होतं, की बरोबरच होतं आणि मला फक्त तू जवळ हवा आहेस? खरंच कळत नाही.

आज तू मारलेल्या त्या माणसाची आई दारात आली होती. "त्याला तिकडे नेणार ना, बाई?" सभेतल्या आवाजात मी म्हणाले, "नेणारच."

ती गेली. अर्ज समोर आहे. तुला हे कोणत्या तोंडाने कळवू?

तुझी,
ताई