सुतकाचं लाल-काळं वस्त्र

आई, तुझ्या अबेनाचा अक्राहून नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळ जेवते. नोकरीचं मात्र विचारू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

ज्यांना तू कोंबडं कापून फुफू वाढलंस, त्या अडुसेई सरांनी माझा प्रबंध आपल्या नावाने छापला. बाबांच्या मयताला तू गायलेले विलापही त्यात आहेत. तुझं नाव कुठेच नाही. वर प्रकाशनाच्या दिवशी त्यातला एक विलाप हौसेने गाऊन घेतला, टाळ्या पडल्या. कोणी मेलेलं नसताना, आई!

मी सुतकाचं लाल-काळं वस्त्र नेसून पहिल्याच रांगेत बसले होते. सर गोड हसत जवळ आले. "अगं, कोण गेलं?"

"माझे गुरुजी," मी म्हटलं.

तुझी आणि बाबांची,
अबेना