काकू मावत नाहीत म्हणालो

मालेगाव, रविवार, संध्याकाळ

रुंद लेन्स घ्यायची की नाही, हेच डोक्यात घुमतंय. सेकंडहँड मिळतेय. कॅमेरा जुनाच ठेवला तर जमेलही, पण मग व्हिडिओसाठी लाइट घेणं राहिलंच.

आज जवळच्या किन्हीराजा गावात एका नव्या घराचे फोटो काढले, छताचं पीओपी करणाऱ्या ठेकेदाराच्या जाहिरातीसाठी. गेलो तर त्या घरच्या काकू सोफ्यावर तयार बसलेल्या. खास फोटोसाठी नव्या साडीची घडी मोडलेली. फोटो म्हणजे माणसांचा, असंच त्यांना वाटलं. त्यात चूक काय?

ठेकेदाराने आधीच बजावलं होतं, "घर दिसलं पाह्यजे, मानसं नाही." हे काकूंना तोंडावर कसं सांगणार? म्हणालो, "काकू, माह्या लेन्समंदी तुमी मावून नाही राह्यल्या. जरा आंगनात थांबता का?"

"थांबतो ना बापा. तू काढ चांगले."

मी भिंतीला पाठ लावून कोपरे, छत, छतातले दिवे टिपत राहिलो. खिडकीतून ती साडी दिसत होती. उन्हात उभी. आत बोलवायला काय झालं होतं मला?

निघताना काकू म्हणाल्या, "मोठी लेन्स घेशीन तवा ये. मंग मी बी मावीन."

तेव्हापासून चैन नाही. लेन्स घेतली तर त्यांच्याकडे जावं लागेल, आणि नाही घेतली तरी ती साडी डोळ्यांपुढून हलत नाही. सोफ्यावर बसलेल्या काकू जुन्या लेन्समध्ये अगदी व्यवस्थित मावत होत्या. मावत नव्हतं ते छत.