माकडखाऊ, उंदीरखाऊ आणि ग्राफाइटचा डोंगर

चिपाटा,
गुरुवार

आदरणीय दादा,

गुडघे टेकून, दोन्ही हातांनी टाळी वाजवून नमस्कार. (गुडघे खरोखर टेकलेले नाहीत. डावा एकदा टेकला की उठवायला शेजारीण लागते. पण मान खाली आहे असं समजा.) तुमचा दमा कसा आहे? वाफ घेता, की फक्त घेतली म्हणून वहिनींना सांगता? तुम्ही स्टेशनमास्तर होतात तेव्हा येणाऱ्या गाडीबद्दलही तुम्ही असंच सांगत असायचात, म्हणून विचारते. वहिनींनी पाठवलेले वाळलेले सुरवंट पोचले. मीठ जरा जास्त झालंय, पण ते त्यांना तुम्ही सांगू नका, मी भेटीत सांगीन. कासामाला पाऊस झाला का? इथे नाही.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, की निवृत्त होऊन सात वर्षं झालेली बाई घर सोडून सरहद्दीवरच्या गावात काय करते आहे, आणि वर्तमानपत्रात तिच्या नावापुढे 'वाद' हा शब्द कसा आला. वर्तमानपत्राचं नंतर. आधी कामाचं, कारण काम तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नसणार.

चिपाटाच्या पूर्वेला जो लांबट डोंगर आहे, त्याच्या पोटात ग्राफाइट आहे, म्हणजे पेन्सिलीतला काळा दगड. हल्ली तो मोटारींच्या बॅटरीत लागतो, म्हणून जगाला त्याची आठवण झाली. मला आठवण करून द्यावी लागली नाही. कॉलेजातून बाहेर पडल्यावर माझं पहिलं काम म्हणजे हा डोंगर पायी मोजणं. पाच महिने तंबूत राहून मी त्याचा नकाशा काढला आणि खाण खात्याने तो चाळीस वर्षं कपाटात ठेवला. माझ्या नकाशातल्या काळ्या पट्ट्याची रेघ सरहद्दीपाशी एकदम थांबते. डोंगर थांबत नाही, तो मलावीत जातो. पण मला तिथे जायची परवानगी नव्हती. आता ठरलंय ते असं: डोंगर झांबिया आणि मलावी दोघांचा, कारखाना एकच, सरहद्दीला लागून, आणि दगड शुद्ध करायला जी प्रचंड वीज लागते ती मोझांबिकच्या धरणातून. आमच्याकडे वीज पुरेशी नाही, मलावीकडे तर त्याहून नाही, आणि मोझांबिककडे वीज आहे पण हा दगड इथला. तिघांपैकी एकाला एकट्याने करायचं म्हटलं तर दगड पोत्यात भरून परदेशी पाठवण्यापलीकडे काही होत नाही, आणि पोती मी आयुष्यभर पाहिली आहेत. तेव्हा तीन देशांची समिती झाली, आणि आमच्या बाजूने मी. डोंगर चढलेली दुसरी जिवंत व्यक्ती सापडली नाही, एवढंच त्यामागचं कारण.

अट एकच होती. महिनाअखेर सह्या झाल्या नाहीत, तर कारखान्याला कर्ज देणारी बँक पैसा दुसऱ्या खंडात नेणार आणि मोझांबिक ती वीज दुसऱ्या कुणाला देऊन टाकणार. दादा, मी सदुसष्ट वर्षांची आहे. हा डोंगर पुन्हा चाळीस वर्षं कपाटात गेला तर त्याला बाहेर काढायला मी नसेन.

मलावीच्या बाजूने आले इंजिनिअर वूसो गाउसी. न्गोनी माणूस, पोट पुढे, टाय तोकडा. माझी रेघ जिथे थांबते तिथून पुढची रेघ तरुणपणी यानेच काढलेली; तीही तिकडच्या कपाटातच होती. पहिल्या दिवशी सभागृहाच्या दारात उभा राहून त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "अरे, बेंबांना खुर्चीवर बसायला कुणी शिकवलं? ह्यांच्यात झाडावर बसतात ना? आणि शेजारी माकड बसलं की त्याचाच रस्सा करतात." मी म्हटलं, "ये उंदीरखाऊ, मिशा पुसून आत ये, शेपूट बाहेर राहिलीय." तो म्हणाला, "गुलामाच्या नातीने मालकाशी असं बोलू नये." मी म्हटलं, "तुझ्या आजोबाला माझ्या आजोबांनी काठीला बांधून आणलं होतं. काठी अजून घरी आहे, दाखवीन." मग दोघंही निश्चिंत मनाने बसलो. माणूस कसा आहे ते कळलं. आम्हा बेंबांच्या आणि न्गोनींच्या पूर्वजांनी लढाया केल्या आणि आमच्यासाठी फक्त थट्टा शिल्लक ठेवली, ती दोघांनी चालवायची असते, हे तुम्हाला मी काय सांगणार.

पण सभागृहात बँकेचे निरीक्षक श्री. टोर्बेन बसले होते. सज्जन, लांब, फिकट गृहस्थ. दुपारी बारालाही कोट घालतात. बोलणी इंग्रजीतून चालतात, त्यामुळे त्यांना शब्द सगळे कळले आणि अर्थ एकही नाही. ते लिहीत होते. आम्हाला वाटलं, विजेचं लिहिताहेत.

विजेचंच चाललं होतं म्हणा. खरा तंटा एकच: पाऊस कमी पडला, धरण उतरलं, तर आधी अंधार कुणाकडे? गाउसी म्हणे, कारखाना बंद करा, आमच्या गावांचे दिवे घालवायचे नाहीत. मी म्हणे, भट्टी मध्येच थंड झाली तर आतला माल वाया जातो आणि भट्टीही तडकते. मोझांबिकचे आन्सेल्मो (मोजकं बोलतात, आणि बोलण्याआधी चष्मा पुसतात) म्हणत, तुमचं ठरेपर्यंत मी तार ओढणार नाही. चौथ्या दिवशी गाउसी मला म्हणाला, "म्वांगोबाई, एवढा हट्ट करू नका. तुम्ही मेलात की खड्डा मलाच खणायचाय, आणि हट्टी माणसाला खड्डा मोठा लागतो." मला बरं वाटलं. बाबा गेले तेव्हा रिवाजाप्रमाणे न्गोनी येऊन, खड्डा खणून कबरीपाशी कसे नाचले, बाबांची टोपी कशी पळवली आणि आई तीन दिवसांनी पहिल्यांदा कशी हसली, ते आठवलं. परक्या मुलखातल्या माणसाने आपणहून माझा खड्डा घेतला, यापेक्षा मोठा शब्द कोण देणार?

श्री. टोर्बेन यांनी लिहिलं: 'मलावीच्या प्रतिनिधींनी झांबियाच्या प्रतिनिधींना ठार मारून पुरण्याची धमकी दिली.'

पुढच्या आठवड्यात बँकेचं पत्र. शिष्टमंडळांत तीव्र वांशिक वैर, गुलामगिरीचे उल्लेख, आहारावरून अपमान, जिवाला धोका. तरी काम स्थगित. वर्तमानपत्रातला 'वाद' तो हाच. महिना संपायला अठरा दिवस होते. मग समेट घडवायला बँकेने एक तज्ज्ञ बाई पाठवल्या. त्यांनी आम्हाला समोरासमोर बसवलं, रंगीत कागद दिले आणि एकमेकांचे तीन-तीन गुण लिहायला सांगितले. मी लिहिलं: वेळेवर येतात, नखं स्वच्छ असतात. तिसरा सुचला नाही. गाउसीने तिन्ही ओळींत माझं हस्ताक्षर चांगलं असल्याचं लिहिलं. नंतर बाईंनी नियम घातला, की यापुढे प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आपल्याबद्दल आदर बाळगून' अशी करायची.

दादा, ते सहा दिवस मी विसरणार नाही. गाउसी मला 'आदरणीय अध्यक्षा' म्हणू लागला. मला वाटलं, माणूस खरोखर चिडला, आता हा थट्टेच्या नात्यातून उठला. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं, हे नंतर कळलं. कुणी काही खरं बोलेना. 'आपला मुद्दा विचारार्ह आहे' हे वाक्य मी एका सकाळी अकरा वेळा ऐकलं. (तज्ज्ञ बाई खूश होत्या. त्यांनी वातावरण सुधारल्याचा अहवाल पाठवला.) धरणाचा प्रश्न होता तिथेच. सातव्या दिवशी आन्सेल्मोंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पुसला. मग म्हणाले, "आधी हे दोघं शिव्या देत होते तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं, काम होणार. आता हे गोड बोलताहेत. माझी बॅग भरून ठेवलीय."

तेव्हा मात्र माझा संयम सुटला. मी उठले आणि म्हटलं, "गाउसी, उंदराच्या बिळाला दिवा कशाला हवा रे? अंधारातच तर तुमचं जेवण पळतं!" बाईंच्या हातातला रंगीत कागद खाली पडला. आणि गाउसीने असा श्वास सोडला, की टायसुद्धा हलला. "आली!" तो म्हणाला. "म्हातारी जिवंत आहे! अहो माकडखाऊ, तुमची भट्टी काय रोज पेटलेली लागते? कोरड्या दिवसांत नुसता दगड फोडून ठेवा, ढीग करा, पाणी चढलं की भट्टी लावा. भट्टी काय तुमची सासू आहे, वर्षभर गरम राहायला?"

मी कागद पुढे ओढला. कारण ते बरोबर होतं. भट्टी मध्येच विझते म्हणून तडकते. आधी ठरवून, सावकाश थंड केली तर तिला काही होत नाही. दगड फोडायच्या यंत्राला वीज थोडी लागते. म्हणजे तीन कोरडे महिने भट्टी बंद, दगडफोड चालू, मजुरांचं काम चालू, आणि दोन्हीकडच्या गावांचे दिवे चालू. पाऊण तासात कलम लिहून झालं. आन्सेल्मोंनी त्यात एक स्वल्पविराम घातला आणि बॅग उघडून शर्ट बाहेर काढले. मी गाउसीला म्हटलं, "हे इतके दिवस का नाही बोललास?" तर म्हणाला, "आदर बाळगून कसं बोलणार? आदर बाळगून तुम्हाला चूक म्हणता येत नाही."

श्री. टोर्बेन कोपऱ्यात बसून पाहत होते. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याकडे आले आणि हळूच विचारलं, मग ती खड्ड्याची धमकी? गाउसीनेच त्यांना समजावलं: लढाया, थट्टा, मयताला कोण येतं, कोण हसवतं, सगळं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या अंत्यविधीला चौदा माणसं होती आणि कुणीही कुणाशी बोललं नव्हतं. त्यांनी कोट काढला. मी या माणसाबद्दल मनात जे जे म्हटलं होतं, त्यातलं निम्मं मागे घेते.

त्यांनी त्याच दिवशी बँकेला लिहिलं, आणि स्थगिती उठली. कलमं एकवीस आहेत, तिन्ही सरकारांनी मान्य केलीत, सह्या पुढच्या शुक्रवारी. माझा नकाशा आणि गाउसीचा नकाशा शेजारी-शेजारी चिकटवून करारनाम्याला जोडलेत. रेघ जुळली, दादा. दोघांनी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेली, आणि बोटभरसुद्धा फरक नाही. ती मी चष्मा लावून एकदा आणि काढून एकदा पाहिली.

तब्येतीला जपा. वाफ घ्या. वहिनींना माझा नमस्कार.

तुमची धाकटी बहीण,
म्वांगो

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, तरी इतकी पानं लपवलं. बँकेने एक शेवटची अट घातली आहे. तोंडी थट्टा कागदावर धमकी ठरते, म्हणून करारनाम्याला 'परिशिष्ट सहा : परस्परांस मान्य अपशब्द' जोडायचं. दोन्ही बाजूंच्या याद्या समसमान हव्यात, नाहीतर बँकेच्या मते तो भेदभाव होतो. गाउसीने बासष्ट दिलेत. माझे एकोणीस भरले, त्यातले चार तुम्ही लहानपणी मला दिलेले आहेत. त्रेचाळीस कमी पडताहेत. यापायी सह्या अडल्या तर देशाला तोंड दाखवता येणार नाही. रेल्वेतले तुमचे जुने सोबती अजून संध्याकाळी अंगणात जमतात ना? सगळ्यांना बोलवा.

ता. क. दोन. यादीतला प्रत्येक शब्द ज्याला दिला त्याने ऐकून, मान्य करून, समोर सही करायची आहे. म्हणून गाउसी स्वतः तुमच्याकडे येतोय. रविवारी निघेल, लुसाकात बस बदलून मंगळवारी सकाळी पोचेल. हे पत्र आधी पोचावं म्हणून बसच्या पार्सलने पाठवतेय. वरती त्याच्याबद्दल काही चांगलं लिहिलं असेल तर ते खोडून मग सोबत्यांना वाचून दाखवा.

ता. क. तीन. वहिनींना आधीच बजावून ठेवा. त्या सवयीने 'या, बसा, दमला असाल' म्हणतील. बिचारा दोन दिवस बसमध्ये हाडं मोडून येणार आहे, दारातच त्याचा अपमान व्हायला नको.