पिवळी गाडी वन्संच्या नावे

देवाचे स्मरण करून मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घर सांभाळणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पहिल्या मजल्यावर, मधल्या खोलीत जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. आज सकाळी दुधाचे बिल तपासले, त्यात दूधवाल्याने एक दिवस जास्त लावला होता, तो कमी करून घेतला. एवढ्यावरून वाचणाऱ्याने खात्री करून घ्यावी.

शुक्रवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक जण ठणठणीत होऊन घरी जातात." बहुतेक म्हणजे किती, ते मी विचारले नाही. घरी येऊन कागद काढले.

माझ्यावर कोणाचाही दबाव नाही असे लिहावे लागते, म्हणून लिहिते. मात्र हे लिहिताना माझ्या डाव्या हाताशी गाडी विकण्याचा फॉर्म पडलेला आहे. तो माझ्या मुलाने भरला आहे, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारली आहे आणि वर पेनही ठेवून गेला आहे. संध्याकाळी तो फॉर्म न्यायला येणार आहे. त्याच्या आत हा कागद पुरा व्हायला हवा.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी कोणाला काही कबूल केले असेल तर ते स्वयंपाक करता करता बोललेले असणार, ते धरू नये.

कलम १. घर. हे घर सासऱ्यांनी बांधले आणि आपला मुलगा व मुलगी, म्हणजे माझे यजमान व माझी नणंद, यांच्या नावे निम्मे निम्मे केले. नणंदेला मी वन्सं म्हणते, पुढेही तसेच लिहीन. यजमान गेल्यावर वन्संनी आपला अर्धा हिस्सा मला लिहून दिला. त्या बदल्यात त्यांना काय मिळाले ते कलम ४ मध्ये येईल. आता हे संपूर्ण घर माझा मुलगा व माझी मुलगी यांना समसमान मिळावे. वरच्या मजल्यावरील खोली वन्संकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहील. त्यांच्याकडून भाडे, वीजबिल किंवा टोमणे यांपैकी काहीही वसूल करू नये.

कलम २. रोकड. माझ्या मुदत ठेवी व बचत खाते दोन्ही मुलांना सारखे. त्यातून आधी आमच्या प्रार्थनेच्या सभागृहाला पंखे द्यावेत, तिथे मागच्या रांगेत जीव गुदमरतो आणि देवाकडे लक्ष राहत नाही. माझ्या अंत्यविधीला फुलांवर खर्च नको. मी असते तर करू दिला नसता, नसले तरी तेच.

कलम ३. किरकोळ. शिवणयंत्र मुलीला. त्याचा पट्टा मधूनच निसटतो, तिला कसा बसवायचा ते ठाऊक आहे. माझ्या मोठ्या चुलत जावेने तिच्या मुलीच्या लग्नात चार दिवसांसाठी नेलेला मोठा कुकर मी तिला कायमचा दिला असे समजावे. त्याचे झाकण माझ्याकडे राहिले आहे, तेही पाठवून द्यावे. भांडण मिटले.

कलम ४. गाडी. यासाठीच हा सगळा खटाटोप.

वन्संनी नोकरी केली ती कोर्टाच्या तळघरात, जुनी कागदपत्रे ठेवतात त्या खोलीत. तिथे खिडकी नाही. पावसाळा आहे की उन्हाळा, हे त्यांना येणाऱ्या माणसांच्या चपलांवरून कळायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हिश्शाचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनी, पैसे देऊ नकोस. मला एक गाडी घेऊन दे. दोन सीटची, वरून उघडणारी."

"वन्सं, छप्पर नसलेल्या वस्तूला एवढे पैसे?"

"छप्पर घराला लागतं गं. ते तुला देतेय ना लिहून."

गाडी घेतली. पिवळी, बुटकी, आवाजाची. हिश्शाची किंमत तिच्याहून जास्त होती, हे इथे नमूद करते म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की ती माझ्या पैशांनी आली. चेक माझा होता म्हणून बिल आणि नोंदणी माझ्या नावावर झाली. महिन्याभरात वन्संच्या नावावर करायचे ठरले होते. तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, घाई करू नकोस. नाव बदललं की कागदावर सेकंड ओनर लागतो. फर्स्ट ओनर गाडीला भाव असतो. उद्या विकायची वेळ आली तर?" मी काटकसरीची बाई, मला ते पटले. वन्संना विचारले तर म्हणाल्या, "नाव तुझं राहू दे, किल्ली माझी. तुला काय, तू तर देवाकडेही पावती मागशील."

पहिली काही वर्षे गाडीची किंमत घसरत गेली. मुलगा जेवायला बसला की काढायचा, "आत्यानं पैसे पाण्यात घातले. शोरूमच्या दारातून बाहेर पडली तिथंच निम्मी झाली." वन्सं भाजी वाढून घेत म्हणायच्या, "अरे, मी पण निम्मीच राहिलेय. जोडी जमते आमची." पुढे कंपनीने ते मॉडेल बनवणे बंद केले. मग तेच आकडे वर जाऊ लागले. मुलगा मोबाइलवर रोज भाव बघू लागला. किंमत पडत होती तोवर ती आत्याची गाडी होती. चढू लागल्यावर ती आपली गाडी झाली. कोणत्या दिवशी झाली ते मला सांगता येणार नाही, पण बदल माझ्या कानाने टिपला आहे.

मुलाची बाजूही लिहिते, कारण मागे राहणाऱ्यांनी एकमेकांना लबाड म्हणू नये. त्याला मोठे घर घ्यायचे आहे, दोन मुले एका खोलीत मावत नाहीत. त्याचा हिशेब मी दोनदा तपासला. त्यात चूक नाही. आज विकली तर गाडी घेतल्या किमतीहून पुष्कळ जास्त देईल, आणि जितकी चालेल तितके हे जास्तीचे कमी होत जाईल. तो म्हणतो, "आत्याची रविवारची एक चक्कर म्हणजे किती पैसे गेले, माहितेय?" मला माहीत आहे. मी तोही आकडा काढला आहे. इथे लिहीत नाही, वन्सं वाचतील आणि चक्कर लहान करतील.

गिऱ्हाईक आहे एक जुन्या गाड्या जमवणारा गृहस्थ. त्याच्या गुदामात गाड्या आच्छादनाखाली, चाके जमिनीपासून उचलून ठेवलेल्या असतात. मागच्या महिन्यात तो बघायला आला. रुमालाने सीट पुसली, पण बसला नाही. वन्सं म्हणाल्या, "बसून तरी बघा." तो म्हणाला, "नको बाई, चामड्याला सुरकुती पडते." वन्संनी आपल्या गालाला हात लावून विचारले, "म्हणजे माझं काय करणार तुम्ही?" तो हसला नाही. जाताना मुलाला बाजूला घेऊन म्हणाला, काटा तीस हजार किलोमीटरच्या आत असेल तरच हा भाव. काट्याला थोडेच अंतर उरले होते.

गेल्या रविवारी वन्सं डोक्याला रुमाल बांधून खाली गेल्या. मी खिडकीत होते. त्यांनी किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. मग उतरून बॉनेट उघडले, आत पाहिले आणि हळूच बंद केले. परत गाडीत बसल्या, दार लावून घेतले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. माझा स्वयंपाक होईपर्यंत तिथेच होत्या. वर आल्यावर एवढेच म्हणाल्या, "आज तिचा मूड नाही." बॅटरी काढलेली आहे हे त्यांनी पाहिले होते. विचारले मात्र नाही, कारण कागदावर गाडी त्यांची नाही आणि हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा लागले.

मी मुलाला विचारले. तो म्हणाला, "मीच काढली. जिन्याखालच्या कपाटात आहे. शनिवारपर्यंत काटा हलायला नको. आई, तू सही करून टाक, माणूस शनिवारी येतोय."

"शुक्रवारी माझं ऑपरेशन आहे रे."

"म्हणूनच तर म्हणतोय."

बोलल्यावर त्याने जीभ चावली. तो वाईट मनाने बोलला नाही. पण तोंडून गेले ते गेले, आणि मला कळले की मी परत आले नाही तर सही लागणारच नाही. नावावरची वस्तू वारसाकडे जाईल आणि गाडी गुदामात.

आणखी एक. तपासण्या झाल्या त्या दिवशी दवाखान्यातून मला वन्संनी या गाडीतून आणले. एरवी मी बसत नसे, पाठ दुखते म्हणून. त्या सरळ घरी न येता तलावाच्या कडेच्या लांबच्या रस्त्याने निघाल्या, छत उघडून. मी दाराची कड घट्ट धरली. म्हटले, "वन्सं, सावकाश." त्यांनी वेग कमी केला. थोड्या वेळाने मीच म्हटले, "इतकंही सावकाश नको." त्या मोठ्याने हसल्या. वळणावर माझ्या तोंडून देवाचे नाव निघाले. रोज दोन वेळा घेते, पण इतके मनापासून कधी घेतल्याचे आठवत नाही. त्या दिवशीचे पेट्रोल मी कुठेही मांडलेले नाही.

तरी मी असे जाहीर करते की, सदर पिवळी गाडी, तिच्या दोन्ही किल्ल्या, कागदपत्रे व जिन्याखालच्या कपाटातली बॅटरी यांसह, माझ्या पश्चात पूर्णपणे वन्संच्या मालकीची होईल. यास कोणतीही अट नाही. त्यांनी चालवावी, ठोकावी, कोणाला द्यावी, विकावी. विकलीच तर पैशांचे काय केले हे विचारू नये. मुलाने विसार घेतला असल्यास तो गिऱ्हाइकाला परत करावा, ती रक्कम कलम २ मधील वाटणीआधी माझ्या खात्यातून घ्यावी. हयातीतच नाव बदलून दिले असते, पण परिवहन कार्यालयाला माझी सही समक्ष हवी आणि मला जिना उतरायला मनाई आहे. उद्या खुर्चीत बसवून नेतील ते थेट दवाखान्यात. बरी होऊन आले तर पहिली फेरी त्या कार्यालयात.

कलम ५. मुलास. बाळा, तुझ्या हिश्शाचे घर तुला मिळते आहे, ते कमी नाही. विकायच्या फॉर्मवर मी सही करणार नाही. संध्याकाळी येशील तेव्हा हे मी तोंडाने सांगेन. तू चिडशील, दार आपटशील. आपट. पण उद्या मला न्यायला ये.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या मुलीने करावी. ती दूर राहते, म्हणून दोघांचेही ऐकून घेईल.

इथवर लिहून साक्षीदारांना बोलावले. शेजारचे शिंपी आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले कंपाउंडर आले. आवाज ऐकून वन्संही खाली आल्या, चष्मा पुसत. म्हणाल्या, "कसल्या सह्या? आण, एक मी करते. तीन साक्षीदार असले तर बरं."

मी म्हटले, "तुम्हाला नाही करता यायची, वन्सं."

"का गं? एवढी वर्षं कोर्टात गेली माझी, सही चालत नाही?"

"कोर्टात गेली म्हणून तर तुम्हाला ठाऊक असायला हवं. ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष देऊ नये."

त्यांनी चष्मा लावला. माझ्या हाताखालच्या कागदावरचे कलम ४ वाचले, मग फॉर्मवर फुलीशेजारच्या कोऱ्या जागेकडे पाहिले. कंपाउंडर उगाच छताकडे बघू लागले. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, कपाटाची किल्ली कुठंय?"

मी कमरेची काढून दिली. बॅटरी जड असते, त्यामुळे दोन्ही साक्षीदारांना खाली जावे लागले. मी पेन उघडून बसले. खालून इंजिनाचा आवाज आला, ते दोघे धापा टाकत वर आले, आणि मग त्यांच्यासमक्ष मी सही केली.

स्थळ : राहते घर, मधली खोली
दिनांक : १२, बुधवार, दुपार

सही (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सह्या केल्या :
१. शिंपी, शेजारचे दुकान (सही)
२. कंपाउंडर, कोपऱ्यावरचा दवाखाना (सही)

टीप : दोन्ही साक्षीदारांच्या सह्यांजवळ उमटलेले काळे डाग गाडीच्या ग्रीसचे आहेत. ती खाडाखोड समजू नये.