सिनेटरने रस्ता ओलांडला नाही

प्रिय रूडा,

तुझा कॅनडातला, मॅनिटोबाचा पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. कशाला हवा, असं तिने विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि पाठीमागे जाऊन शोधून आणला. इतक्या वर्षांनी व्लास्ताचं पत्र पाहून तू आधी खुर्चीत बसला असशील. बस, आणि सावकाश वाच. दुपार आहे, एडविन बियाण्याच्या दुकानात गप्पा झोडतोय, मायलो मागे कुंपणाचे खांब ठोकतोय. त्याच्या हातोड्याचा आवाज इथे स्वयंपाकघरात येतो आणि तो आवाज थांबला की माझा हातही थांबतो, अशी माझी गत झाली आहे.

मायलो माझा एकुलता एक. उंच आहे, भात्यासारखा श्वास घेत जेवतो, आणि मुलींशी बोलताना कानापर्यंत लाल होतो. कॉलेजात होता तोवर सैन्याची सक्तीची भरती त्याला हात लावू शकत नव्हती. गेल्या हिवाळ्यात रसायनशास्त्रात नापास होऊन घरी आला. रसायनशास्त्र, रूडा! माझ्या पोराचा जीव त्या बाटल्यांपायी टांगणीला लागला. आपल्या गावातून व्हिएतनामला गेलेल्यांपैकी दोघं पेटीतून परत आले. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. एडविनला बोलले तर म्हणतो, "मी गेलो होतो, परत आलो ना? सगळ्यांचीच पोरं जातात." तो गेला होता ती लढाई वेगळी होती, पण त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

म्हणून मी राजकारणात पडले. हसू नकोस. सिनेटर व्हीलन अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिला आणि लढाई बंद करीन म्हणाला, तेव्हा माझा हिशेब अगदी सरळ होता. पक्षाने त्याला उमेदवारी द्यायची तर त्याने एकेक राज्य जिंकायला हवं, मे महिन्यात आपलं नेब्रास्का जिंकायला हवं. तो जिंकला तर लढाई थांबेल, लढाई थांबली तर मायलो राहील. देशाचं मोठं भलं वगैरे माझ्या मनात फार नव्हतं, तुला खोटं कशाला सांगू.

पूर्वेकडून त्याचा प्रचार करणारी कॉलेजची पोरं बसने आली. दाढीवाल्याला नेब्रास्कात कुणी दार उघडणार नाही, असं कुणीतरी सांगितलं म्हणून सगळे आदल्या दिवशी दाढ्या काढून आले होते. कपाळं उन्हाने रापलेली आणि हनुवट्या सोललेल्या बटाट्यासारख्या पांढऱ्या. त्यांची म्होरकी ज्युडिथ नावाची बॉस्टनची मुलगी, ती माझ्या माडीवर राहिली. हुशार, पण आपल्या गावात चेक माणसं दोन तऱ्हेची असतात, कॅथलिक आणि देव न मानणारी, हे तिला कोण सांगणार? तिच्या लेखी आम्ही सगळे एकच, ‘कोलाचे’ नावाचे गोड पाव खाणारे.

सिनेटरच्या प्रचारासाठी मी घरी कॉफीला बायका बोलावल्या. दोन दिवस खसखस वाटून, जर्दाळू शिजवून कोलाचे भाजले. एप्रिलमध्ये काळ्या लोकांच्या त्या पुढाऱ्याला गोळी घातली आणि शहरं पेटली होती, ओमाहातही काचा फुटल्या, लोक दारांना नवी कुलपं लावत होते. एडविन म्हणाला, "तिकडे देश जळतोय आणि तू इकडे खसखस वाटतेस!" मी म्हटलं, मला एवढंच येतं. वाटलं होतं चार जणी येतील. पण बायकांनी घर भरलं, आणि सगळ्यांत मागे, स्वतःची खुर्ची काखेत मारून, अल्बिना कुबिचेक आली! देव न मानणाऱ्या कुबिचेकांची सून, कॅथलिक घराचा उंबरठा तिने आयुष्यात पहिल्यांदा ओलांडला. माझ्या भिंतीवरच्या क्रूसाकडे पाहून म्हणाली, "त्याने बघितलं तर बघू दे. मला लेनर्डची काळजी आहे." तिचा लेनर्ड आणि माझा मायलो पहिलीपासून एका बाकावरचे. त्या दिवशी आम्ही दोघी भांडी घासताना रडलो आणि मग कशावरून तरी खूप हसलो. फार बरं वाटलं, रूडा. वाटलं, जमतंय.

मग ती सभा. माझी आई लिंकनच्या इस्पितळात होती म्हणून मी आठवडाभर तिकडे होते. परत आले तर खांबाखांबावर पत्रकं: सिनेटर व्हीलन रविवारी चर्चच्या तळघरातल्या सभागृहात बोलणार. सिनेटर कॅथलिक, गाव चेक, चेक म्हणजे कॅथलिक, जागा फुकट. ज्युडिथने गणित सोडवलं होतं. मी तिला म्हटलं, "पोरी, निम्मं गाव त्या दारातून पाऊल आत टाकणार नाही. सभा त्या देव न मानणाऱ्यांच्या मंडळाच्या, लॉजच्या हॉलमध्ये ठेव, तिथे आमचे कॅथलिक नाचायला तरी जातात." ती म्हणाली, "मिसेस व्होंद्राक, सगळं छापून झालंय." तुला यातलं काही समजावून सांगायला नको. "जो देवाला मानत नाही त्याच्या घरात माझी मुलगी चूल पेटवणार नाही," हे माझ्या बापाचं वाक्य तू आमच्याच अंगणात उभं राहून ऐकलंस आणि वसंत ऋतूत कॅनडाला निघून गेलास. तीस वर्षं होत आली, गाव तिथेच आहे.

पण ती माणसं आली! चर्चमध्ये नाही, समोरच्या फुटपाथवर, लोहाराच्या दुकानापासून बेकरीपर्यंत ओळीने उभी. पुरुष हॅट घालून, बायका चांगल्या कोटात, डोळ्यांवर ऊन घेत. खिडक्या उघड्या ठेवल्या तर आवाज ऐकू येईल, एवढ्या आशेवर. अल्बिनाचा नवरा ऑटो सगळ्यांत पुढे. गाडीतून सिनेटर उतरला, दमलेला, चेहरा राखेसारखा. पलीकडची गप्प माणसं पाहून त्याने ज्युडिथला काहीतरी विचारलं. तिने खांदे उडवले आणि म्हणाली, "विरोधातले असावेत." ऑटोने हात पुढे केला होता. सिनेटरने लांबूनच हात हलवला आणि वळला. मी कॉफीचं भांडं टाकून धावले, त्याच्या बाहीला धरलं आणि म्हटलं, साहेब, हे आपलेच आहेत, नुसता रस्ता ओलांडून जा, त्यांच्याशी हात मिळवा. तो हसला. "नंतर नक्की, मॅडम," म्हणाला. भाषण चांगलं झालं. नंतर त्याला विमान गाठायचं होतं.

ऑटो संध्याकाळी दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ज्याला आपला रस्ता ओलांडता येत नाही तो समुद्रापलीकडची लढाई काय थांबवणार!" लोक हसले. तिथेच संपलं ते. मतदानाच्या दिवशी लॉजची माणसं पेरणीला गेली किंवा दुसऱ्याला मत देऊन आली. एका गावाने राज्य जात नाही, मला कळतं. सिनेटर सगळीकडेच आपटला. म्हणजे असे रस्ते त्याने आणखी बऱ्याच गावांत सोडले असतील. पुढच्या राज्यातही हरला आणि मग रेडिओवर सगळ्यांचे आभार मानून घरी गेला. ज्युडिथ माझ्या गळ्यात पडून रडली. मला रडू आलं नाही. तिला परत जायला कॉलेज होतं.

मायलोचं बोलावणं आलं आहे. जून संपता संपता ओमाहाला हजर व्हायचं. औषधाच्या दुकानाचा स्टेह्लिक भरती समितीवर आहे, मला खोकल्याची बाटली देताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "आकडा वरून येतो, व्लास्ता. इतकी माणसं द्या म्हणतात, आम्ही नावं भरतो. एक गळला तर पुढचा घ्यायचा." पुढचा कोण, हे मी विचारलं. त्याने सांगितलं. लेनर्ड कुबिचेक.

मी मायलोला म्हटलं, कॅनडात निघून जा, हजारो मुलं जाताहेत. तो आधी हसला, मग हातातला पाव खाली ठेवून म्हणाला, "आई, मी गेलो तर लेनीला नेतील. मग मी तिकडे झोपू कसा?" असं पोर मी वाढवलं. शेजारीपाजारी ऐकतील तर मला शाबासकी देतील. मला त्या दिवशी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्याला पत्र घाल. गवत कापणीला माणसं मिळत नाहीत, पाठ धरली आहे, दोन आठवडे मदतीला ये, असं लिही. आईच्या जुन्या ओळखीच्या माणसाला तो नाही म्हणणार नाही, आणि भरतीआधी थोडं जग बघायला एडविनही सोडेल. आला की त्याला ठेवून घे. ट्रक बिघडव, खोटा आजारी पड, पाहिजे ते कर, पण हजर व्हायची तारीख उलटेपर्यंत सोडू नकोस. उलटली की परत येणाऱ्याला इथे तुरुंग आहे, मग त्याला राहावंच लागेल. तो तुला शिव्या देईल, मला तर जन्मभर तोंड दाखवणार नाही. चालेल. काल अल्बिना अंडी घेऊन आली होती. मी तिला बसवलं, कॉफी दिली, लेनर्डची चौकशी केली, आणि तिच्या डोळ्यांत बघून बोलले. वाटलं होतं, जमणार नाही. जमलं. मायलोला बोलावून घे, रूडा.

जिला तू कधी आपली म्हणाला होतास ती,
तुझीच
व्लास्ता