हवामानवाला खोटं बोलतो

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, फक्त माझा फोन नाही. तो मी भिंतीवर मारला. पोपडा उडाला तिथे आईनं कॅलेंडर लावलंय आणि बाबांना सांगितलंय की भिंतीला ओल आलीय. बाबा येता-जाता कॅलेंडर उचलून ओल बघतात आणि पुन्हा खाली सोडतात. बोलले असते तर परवडलं असतं.

कारण सांगतो. घुबडाला नोकरी लागली. घुबड म्हणजे माझ्या वर्गातली, मोठ्या चष्म्याची. तू आली होतीस तेव्हा तुझ्यासमोर तिनं मला गाढव म्हटलं आणि तू लगेच पार्टी बदललीस, तीच. वर्कशॉपच्या सरांची कॉलर धरून मी कॉलेजातून बाहेर पडलो. ती राहिली, शिकली, पास झाली. आता समुद्रापलीकडे चाललीय, या महिन्याच्या शेवटी, आणि परत कधी ते तिलाही माहीत नाही. मी म्हटलं, जा मग, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तिनं उलट लिहिलं, बरं. नुसतं बरं. ताई, भांडायला उभ्या असलेल्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. तिनं जाऊ नये एवढंच मला हवंय, आणि तेवढं सोडून बाकी सगळं मी तिला बोलून बसलोय.

त्यात शुक्रवारी आमच्या थिएटरला तो चित्रपट लागतोय. मी दारावर तिकिटं फाडतो, म्हणजे गर्दी माझ्याच अंगावर येणार. पहिला भाग तूच मला दाखवला होतास. मेलेल्या ग्रहावरून निघालेलं शेवटचं यान, त्याची कप्तान, आणि ती रोज सकाळी लावते ती टेप. टेपवर एक माणूस हवामान सांगतो. आकाश निरभ्र आहे, वारा पश्चिमेचा. जो ग्रहच उरला नाही त्याचं हवामान. तो कोण, तिचा कोण लागतो, तीन भाग झाले तरी कुणी सांगितलं नाही. आता म्हणे आधीची गोष्ट दाखवणार, सगळा उलगडा करणार. घुबडाचं आणि माझं पहिलं बोलणं त्या आवाजावरून झालं आणि पहिलं भांडणही. मी म्हणायचो नवरा, ती म्हणायची बाप. लागला की पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून बघायचा असं ठरलेलं. आता मी एकटा बघणार. खरं सांगू, धास्ती वाटतेय. आवाज कुणाचा ते कळलं की मग रात्रंदिवस डोक्यात घोळवायला उरलं काय?

कळावे. लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवण्याच्या लायकीचा मी सध्या नाही.

तुझा,
बंब

६ मार्च

चि. बंबास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दवाखान्यात वाचलं. खुर्चीवर एक गृहस्थ तोंड उघडून बसले होते आणि मला हसू आवरेना. त्यांना वाटलं मी त्यांच्या दातांना हसतेय. डॉक्टरांनी मला आत पाठवून दिलं. ते पाप तुझ्या नावावर.

फोन फुटला हे फार उत्तम झालं. फोनवर तू मधेच तोडतोस. पत्र शेवटपर्यंत वाचावं लागतं, म्हणून आता मनासारखं बोलून घेते. पहिला भाग दाखवायला नेलं तेव्हा तू मध्यंतरापर्यंत माझ्या ओढणीत तोंड घालून बसला होतास आणि घरी येऊन आईला सांगितलंस की ताई घाबरली. तेव्हापासून तुझ्या सांगण्यातलं निम्मं मी बाजूला काढूनच ठेवते.

उरलेल्या निम्म्याबद्दल विचारते. त्या मुलीनं केलं काय? शिकली आणि नोकरी मिळवली. हा गुन्हा असेल तर माझ्यावरही खटला भर, मीही घर सोडून इतक्या लांब लोकांचे दात मोजत बसलेय. जाऊ नकोस असं वाटत असेल तर तसं म्हण. तोंड दाखवू नकोस याचा अर्थ जाऊ नकोस असा होतो, हे फक्त आपल्या घरात कळतं. बाहेरच्या माणसानं कसं ओळखायचं? समोर गेल्यावर डोकं भडकत असेल तर लिहून दे. लिहिताना तू निम्मा गार होतोस.

तुझे भावोजी विचारतात, ज्याचा शेवट आधीच ठाऊक आहे ते बघायला लोक का जातात. तू बघून आलास की कळव.

आई-बाबांना नमस्कार. भिंतींवर दया असावी, माझ्यावर लोभ असतोच.

तुझी,
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बघितला. आणि मी जे करून ठेवलंय ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी स्वतःच लिहितो.

आधी चित्रपट. पहिल्या शोला मॅनेजरनं मला आत भिंतीला टेकून उभं राहू दिलं. दिवे गेले, काळ्या पडद्यावर नुसता तो आवाज, आणि मग पहिल्यांदा चेहरा. अगदी साधा. कान जरा बाहेर आलेले. हवामान कचेरीतला कारकून. कप्तान अजून कप्तान झालेली नाही, हवामान घ्यायला उशिरा येऊन त्याच्याशी हुज्जत घालणारी, यानावरची शिकाऊ पोरगी आहे. नवराही नाही, बापही नाही, घुबड आणि मी दोघंही हरलो. तो आणि ती कचेरीच्या गच्चीवर बसून ढगांना नावं ठेवतात. लोक खदखदून हसत होते. सगळ्यांना ठाऊक होतं की ही गच्ची, हे ढग, हा माणूस, काही म्हणता काही राहणार नाही. तरी हसत होते. मीही. भावोजींना सांग, का जातात ते मलाही माहीत नाही, पण जातात.

चिडचिडही झाली. जुन्या भागांत तिच्या चहाच्या मगचा कान तुटलेला असतो, तो कसा तुटला ते दाखवलं. हातावरचा डाग कसा पडला तेही दाखवलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मीही मारली आणि मारल्यावर लाज वाटली. प्रत्येक ओरखड्याला गोष्ट हवीच का? आणि आधीच्या काळातलं यान नंतरच्या यानापेक्षा नवंकोरं, चकचकीत. एवढा पैसा आहे तर जरा जुनं दिसू द्यायचं.

मग शेवट. शेवटचं यान सुटायचंय. कचेरीतून कुणीतरी शेवटपर्यंत हवामान सांगत बसल्याशिवाय ते उडत नाही. ती अडून बसते, तुझ्याशिवाय जात नाही म्हणते. आणि हा शहाणा माइकवर सांगतो की आकाश निरभ्र आहे, तू हो पुढे, मागून दुसरं यान आहे, त्यात येतो मी. दुसरं यान नसतंच. ती जाते.

माझं डोकं फिरलं. एक शब्द बोलला असता तर थांबली असती ती. मेले असते दोघं, पण गच्चीवर मेले असते. तसाच तणतणत बाहेर आलो. लॉबीत पुढच्या शोची रांग लागलेली. त्या रांगेसमोर उभा राहून मी बोंबललो की हवामानवाला खोटं बोलतो, दुसरं यान नाहीच, तोच तिला घालवतो, उगाच आत जाऊ नका. ताई, आमच्या जमातीत याच्याइतकं मोठं पाप नाही. बापाला शिवी दिली तर माफ करतील, शेवट फोडला तर नाही. एका धिप्पाड माणसानं लाह्यांचा अख्खा पुडा माझ्या डोक्यावर ओतला. मला ते रास्तच वाटलं.

लाह्या झटकल्या तेव्हा रांगेत घुबड दिसलं. हातात दोन तिकिटं. माझी ड्यूटी ज्या शोला सुटते त्याची काढली होती. पहिल्या दिवसाचं ठरलेलं ती विसरली नव्हती. माझ्याकडे बघितलं, चष्मा वर सरकवला, एक तिकीट मागे उभ्या असलेल्या बाईंना दिलं आणि आत गेली.

मॅनेजरनं मला दारावरून हलवलं. काढून टाकलं नाही, कारण झाडायला माणूस मिळत नाही. आता शेवटची दहा मिनिटं आत जाऊन उभं राहायचं आणि दिवे लागले की खुर्च्यांखालचं गोळा करायचं. म्हणजे रोज प्रत्येक शोला मी फक्त शेवटच बघतो. प्रत्येक वेळी त्या कारकुनाला शिव्या घालतो आणि प्रत्येक वेळी झाडू धरून रडतो. तिच्या घराखाली गेलो होतो. गॅलरीत तिची मोठी बॅग उघडून उन्हात ठेवलेली. बॅग बघूनच परत आलो.

काय करू ते लिही. काही करण्यासारखं नसेल तर तेही लिही. लोभ असू दे, इथे तो फार कमी पडतोय.

तुझा,
बंब

१९ मार्च

चि. बंबास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्हीही बघून आलो. तुझे भावोजी झोपले होते, यान उडालं त्या आवाजानं जागे झाले आणि आलं का आपलं स्टेशन म्हणाले. मी मात्र रडले. मगचा कान तुटला तिथे लोकांनी इथेही शिट्ट्या मारल्या. तुझी आठवण झाली.

पण राजा, तू इतका चिडलास तो त्या कारकुनावर नाही, हे तुला कळतंय का? कळत नसेल तर राहू दे. कळून करणार तरी काय आहेस.

घुबडाचा फोन आला होता. माझा नंबर तिनं आईकडून घेतला. बराच वेळ चित्रपटाबद्दलच बोलली. तिला आवडला. शेवट आधी कळूनही आवडला, म्हणजे तू तसं मोठं नुकसान केलेलं नाहीस. तुझा विषय अगदी शेवटी काढला. विमानतळाची बस अठ्ठावीसला सकाळी टपाल कचेरीसमोरून सुटते. तिचा निरोप जसा आहे तसा देते. भांडायला येणार असशील तर येऊ नकोस, गप्प उभं राहायला येणार असशील तर ये.

थांब म्हण असं मी तुला सांगत नाही, जा म्हण असंही नाही. तू थांब म्हटलंस आणि ती थांबली, तर तू तिला रोज काय दाखवणार आहेस? आणि नाही थांबली तर तुझं काय होईल, याची मला भीती वाटते. मी मोठी आहे, मला काहीतरी सुचायला हवं होतं. नाही सुचत. एवढ्या लांबून तुझ्या पाठीवर हातही ठेवता येत नाही.

जा मात्र. बॅग उचल, ते तुला जमतं. आईला सांग शर्ट इस्त्री करून दे. लोभाचं काय सांगू, तो इथून तिथे पोचेपर्यंत शिळा होतो, तरी घे.

तुझी,
ताई

३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो होतो. शर्ट आईनं इस्त्री करून दिला. बाबांनी विचारलं सोबत येऊ का. मी नको म्हटलं, तरी पेपर आणायचाय म्हणून कोपऱ्यापर्यंत आले. पेपर घरात चहाच्या कपाखाली पडलेला होता.

स्टॉपवर तिची आई पुन्हा पुन्हा बॅगा मोजत होती आणि वडील मोठ्या बॅगेवरून कंडक्टरशी वाद घालत होते. मी बॅग उचलून बसच्या पोटात ठेवली, वाद मिटला. मग दोघं बाजूला उभे राहिलो. गप्प राहायचं असं रस्ताभर घोकत गेलो होतो. तिनं एवढंच विचारलं की आता तू काय करणार.

आणि ताई, मी ठोकून दिलं. म्हटलं, कॉलेजात परत नाव घातलंय. वर्कशॉपच्या सरांनी स्वतः बोलावून घेतलं, झालं गेलं विसर म्हणाले. हे वर्ष काढतो, मग मीही तिकडेच अर्ज टाकतो, तू हो पुढे. यातलं एक अक्षर खरं नाही. कॉलेजच्या रस्त्यानं मी जातसुद्धा नाही. पण बोलायला लागल्यावर थांबता येईना. सरांचा चेहराही डोळ्यासमोर आला, हसरा. ती ऐकत होती. हो का, छान, म्हणाली. चष्मा काढून ओढणीनं पुसला, परत घातला, परत काढून पुसला.

मग म्हणाली की त्या दिवशी लॉबीत तू चुकीचं ओरडलास. हवामानवाला खोटं बोलतो हे बरोबर, पण त्यात फोडण्यासारखं काय होतं? कप्तानला ते ठाऊकच असतं. मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, यानावर काम करणारी पोरगी, यानं किती उरलीत हे तिला माहीत नसणार का? मी म्हटलं, ठाऊक असून गेली असेल तर मग ती दगड. ती म्हणाली, तो एवढा जीव तोडून खोटं बोलत होता, ते तिनं त्याच्या तोंडावर मोडायचं होतं का?

मी चढ्या आवाजात सुरू झालो, तीही झाली. तिच्या आईला वाटलं भांडण लागलं, मधे पडायला निघाली. कंडक्टरनं शिट्टी मारली. मी म्हणत होतो पुरावा दे. ती पायरीवर चढून वळली आणि म्हणाली, तू नेहमी त्याच्याकडेच बघतोस, एकदा तिच्याकडे बघ. दार लागलं. तिची खिडकी पलीकडच्या बाजूला होती.

सगळा वेळ चित्रपटातच गेला ताई. बोलायचं ते राहिलंच.

तिथून सरळ थिएटरात गेलो. तेव्हापासून प्रत्येक शोला तिच्याकडेच बघतोय. पण तो यान उडण्याचा शॉट असा घेतलाय की तिच्या हेल्मेटच्या काचेवर कचेरीचे दिवे पडतात, आणि आत तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते दिसतच नाही. पहिल्या रांगेत जाऊन बघितलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. लोक ओरडतात, बाजूला हो म्हणतात. ओठ हलल्यासारखे वाटतात आणि तेवढ्यात पडदा पांढरा होतो. गुरुवारी चित्रपट उतरतोय. त्यानंतर बघायचीही सोय नाही.

तू नीट बघितलास ना? भावोजी झोपलेले होते, तू जागी होतीस. तिला ठाऊक होतं का, एवढंच लिही. बाकी खुशाली दोन ओळींत आटपली तरी चालेल. लोभ कमी-जास्त कसाही असो, उत्तर लवकर पाठव.

तुझा,
बंब